पर्लचा पत्ता

२०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं चोरदार सापडलं. त्याची पहिली कळ ऑटोकॉन्फनं बनवलेली कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालताना दाबली जात होती, म्हणून लगेच ओरड सुरू झाली: ऑटोकॉन्फ फेकून द्या! घुसवलेली एम४ फाइल फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

ऑटोकॉन्फ का हवं, ते पहिल्यापासून सांगतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! लिहून पुढे इंटरप्रिटरचा पत्ता द्यायची सोय डेनिस रिची यांनी १९८०मध्ये केली. कर्नल तो पत्ता जसाच्या तसा घेतो, पाथमध्ये शोधत बसत नाही. पुढची दहा वर्षं सोडून देतो. मेकफाइली हातानं दुरुस्त करण्यात सांगण्यासारखं काय आहे?

१९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहिलं आणि माझं नव्वदचं दशक त्यातच गेलं. सोलारिसवर मेक यूएसआर-सीसीएस-बिनमध्ये, पर्लचा इंटरप्रिटर कुणी यूएसआर-लोकलमध्ये टाकलेला, कुणी ऑप्टमध्ये. आपण .इन फाइलीत @पर्ल@ लिहायचं आणि कॉन्फिगरच्या मसुद्यात एसी_पाथ_प्रोगची एक ओळ. कॉन्फिगर पाथमधल्या डिरेक्टऱ्या क्रमानं धुंडाळी, पहिला चालणारा पर्ल मिळाला की पूर्ण पत्ता टिपून घेई; कॉन्फिग.स्टेटस तो जागेवर भरी. दुसराच पर्ल हवा असेल तर आधी सांगा, मुकाट मानी. (काही युनिक्स ती पहिली ओळ ३२ अक्षरांवर छाटत. त्याला कॉन्फिगर बिचारा काय करणार?)

तेव्हाही शहाणे होतेच. एवढी यातायात कशाला, पहिल्या ओळीत सरळ एन्व्ह लिहा, तोच पर्ल शोधेल, म्हणत. एन्व्ह शोधतो खरा, पण स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या पाथमध्ये, चालवायच्या क्षणी. एका कचेरीत हातानं चालणारा बॅकअप रात्री क्रॉनमधून मुळीच होत नसे, कारण क्रॉनच्या तुटपुंज्या पाथमध्ये पर्लच नव्हता. दोष अर्थातच पर्लवर आला.

मग ऑटोकॉन्फच्या जागी सीमेक आलं, मेसन आलं. दोघांतही पत्ता शोधणारं फाइंड_प्रोग्राम आहे, त्यामुळे त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते न विचारताच पत्ता ठोकून देणाऱ्यांशी. जिकडेतिकडे लिनक्स झालं, २०१२मध्ये फेडोरानं बिन आणि यूएसआर-बिन एकत्र केलं, आणि सगळं जग आपल्याच लॅपटॉपसारखं असतं असा समज रुजला. २०२२मध्ये मॅकओएस १२.३मधून यूएसआर-बिनमधला पायथन गेला, तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्या स्क्रिप्टा आडव्या झाल्या. एन्व्हवाल्यांच्याही, कारण पायथन नावाचं काही उरलंच नव्हतं. असलाच तर पायथन३. एसी_पाथ_प्रोग्सला अशा नावांची यादीच देता येते, नव्वदीतही येत होती. नवी मंडळी मात्र सिमलिंक कशी टाकायची तेच एकमेकांना शिकवत होती.