घानात वीज गेली नसती तर

जागतिक धोके म्हटलं की युद्ध, दहशतवाद, चाचेगिरी आठवते. जहाज कंपन्यांना या धोक्यांची सवय असते. पण डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीला २७ जून २०१७ रोजी बसलेला तडाखा समुद्रातून आला नव्हता. युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आला.

भांडण दुसऱ्यांचं

त्या अपडेटमधून पसरलेला ‘नॉटपेट्या’ वरवर खंडणीखोर व्हायरस वाटत होता. प्रत्यक्षात पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. उद्देश नासधुशीचाच होता. नेम युक्रेनवर होता आणि मर्स्क मधे सापडली. तिच्या ओडेसा कार्यालयातल्या एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होतं, तेवढं पुरलं. त्याने वापरलेली विंडोजमधली ज्ञात त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पण एका कच्च्या संगणकातून पासवर्ड चोरून हा व्हायरस दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने रशियन लष्कराला जाहीरपणे जबाबदार धरलं. रशियाने ते नाकारलं.

न्हावा-शेवापर्यंत

मर्स्क समूहाच्या ७६ टर्मिनलपैकी १७ ठिकाणी कामकाज कोलमडलं. त्यांतलं एक आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं, गेटवे टर्मिनल्स इंडिया. क्रेन धड होत्या, जहाजंही धड होती. पण कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे आणि तो कुठे जायचा, हे सांगणारी यंत्रणाच गप्प झाली. मग माल हाताने नोंदवणं आणि साचणाऱ्या कंटेनरसाठी जागा शोधणं, एवढंच उरलं. अन्यत्र मर्स्कच्या कर्मचाऱ्यांनी व्हॉट्सअॅपवरही बुकिंग घेतली.

शंभरावर प्रती, तरी एकही नाही

कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि सतत एकमेकांची प्रत ठेवत होते. एक बंद पडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील, हे कोणी धरलंच नव्हतं. ते गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटला होता. वीज जाण्याला कोणी धन्यवाद दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तिथलं इंटरनेट इतकं मंद की प्रत ऑनलाइन पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. त्यामुळे एकाने नायजेरियापर्यंत जाऊन विमानतळावर हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली; तिथून ती लंडनजवळच्या मेडनहेडला पोहोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचं मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हेगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये डाव्होसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

म्हणून सुरक्षा विभागाला विचारायचा पहिला प्रश्न मला हा वाटतो: मुख्य जाळ्याशी अजिबात न जोडलेली प्रत कुठे आहे, आणि तिच्यावरून यंत्रणा उभी करून शेवटची कधी पाहिली? फायरवॉल कोणत्या कंपनीची, हे नंतर विचारलं तरी चालेल.

मंजुरी होती, निकड नव्हती

नंतरच्या वार्तांकनातून कळलं की मर्स्कमध्ये सुरक्षा सुधारण्याची योजना आधीच मंजूर होती, पैसेही ठेवले होते. पण वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात, म्हणजे बोनसमध्ये, ती धरली जात नव्हती. योजना रेंगाळली. दोष इथे तंत्रज्ञांपेक्षा संचालक मंडळाचा जास्त.

विमा आणि कायदा

याच हल्ल्यात सापडलेल्या मर्क या औषध कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरचा दावा मिळवण्यासाठी विमा कंपन्यांशी कोर्टात झगडावं लागलं. हे युद्धकृत्य आहे, पॉलिसीत बसत नाही, असं विमा कंपन्यांचं म्हणणं. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी ते मानलं नाही; २०२४ मध्ये तडजोड झाली. तोवर लंडनच्या लॉइड्स बाजाराने मार्च २०२३ पासून सरकारपुरस्कृत सायबर हल्ले वगळणारी कलमं सक्तीची केली होती.

भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या ६ तासांत कंपनीचा ईमेलच बंद असेल, तर कळवायचं कोणी आणि कोणत्या फोनवरून, हे कागदावर लिहून ठेवलेलं बरं.