मेटाबॉलिक सिंड्रोम आणि वनौषधी : रुग्ण स्थूल की कृश?

सांगण्यासारखी एकही व्यथा नाही, परंतु हातात तपासण्यांचे कागद आहेत, असा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा झाला आहे. उपाशीपोटीची रक्तशर्करा १०८, ट्रायग्लिसराइड १९०, रक्तदाब १३४/८८, एचडीएल ३६, कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. यांतील एकही आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर घाबरण्याजोगा नाही. एकत्र पाहिले तर मात्र हृद्रोग व मधुमेह या दोहोंची वाट येथूनच सुरू होते. १९८८ साली अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी या समूहास 'सिंड्रोम एक्स' म्हटले. पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव रूढ झाले आणि पाचांपैकी तीन निकष पूर्ण झाल्यास निदान करावे, असे ठरले. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरली जाते. पाश्चात्त्यांपेक्षा ती बरीच कमी आहे आणि त्यास कारणही आहे.

ते कारण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका छायाचित्राने दाखविले गेले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह धातूंच्या दृष्टीने किती भिन्न असू शकतात, हे यावरून कळते. वजनकाट्याच्या आधारे मेदोरोग ठरविण्याची सवय आपल्यातही शिरली आहे. ती सोडावी, असे आम्हास वाटते.

चरकाचार्यांनी प्रमेही रुग्णाचे दोन भेद सांगितले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. चिकित्सा परस्परविरुद्ध असल्याने भेद चुकला की सर्वच चुकते. आपल्याकडील पन्नाशीच्या आतला कार्यालयीन रुग्ण मात्र या दोहोंच्या मध्ये उभा असतो. दंड-मांड्या बारीक, मांसधातू अल्प आणि उदर तेवढे पुढे आलेले. अशा रुग्णास दिसण्यावरून कृश ठरवून च्यवनप्राश व दुग्धपान सुरू केले तर मेद वाढतो. उदराकडे पाहून तीक्ष्ण लेखन आरंभिले तर उरलेला मांसधातूही क्षीण होतो. आमच्या मते येथे अष्टौनिन्दितीय अध्यायातील गुरू परंतु अतर्पण अशा आहाराचे सूत्र सर्वांत उपयोगी पडते. पोट भरावे, पण मेदाचे पोषण होऊ नये, आणि जोडीला बलानुसार व्यायाम असावा. व्यायामाखेरीज या रुग्णाचा मांसधातू कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

या सूत्राचे मूर्त रूप म्हणजे यव. प्रमेहात यवाचे प्राधान्य संहितांनी सांगितले. त्यातील बीटा-ग्लूकन या विद्राव्य तंतूमुळे कोलेस्टेरॉल घटते, हे पुढे आधुनिकांनीही मान्य केले. व्यवहारात अडचण वेगळीच येते. आपण 'सातू खा' असे सांगतो आणि रुग्ण बाजारातून सातूचे पीठ आणतो. त्यात गहू व डाळवे किती आणि जव किती, हे त्यास ठाऊक नसते. शिवाय ते दूधगुळात कालवून खाल्ले जाते! म्हणून आम्ही 'जवाची भाकरी' किंवा 'जवाचे भरड पीठ ताकात' असे स्पष्ट लिहून देतो.

प्रतिबंधाचा विचार करता सुश्रुताचार्यांचे एक वचन दुर्लक्षित राहिले आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपातच अपतर्पण व वनस्पतिकषाय द्यावा, असे ते सांगतात. येथे 'वनस्पती' म्हणजे कोणतेही झाडझाडोरा नव्हे, तर ज्यांस पुष्प न दिसता फळ येते ते वड, उंबर, पिंपळादी वृक्ष. त्यांच्या सालीचा कषायरस क्लेद व मेद शोषणारा आहे. सुरुवातीचा जो रुग्ण आज आपल्यासमोर येतो, तो बहुधा याच अवस्थेतील असतो. त्यास वाग्भटांनी मेहात श्रेष्ठ म्हणून निवडलेली हरिद्रा-आमलकीची जोडी आम्ही प्रथम देतो. चूर्णे समभाग, तीन ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, भोजनापूर्वी. महागड्या कॅप्सूलपेक्षा घरी दळलेली हळद व सावलीत वाळविलेला आवळा हे अधिक विश्वासार्ह असतात.

असन, म्हणजेच आपला बिबळा, हा दुसरा भरवशाचा वृक्ष. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यास निळसर झाक येते, हे अनेकांनी पाहिले असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासात (१९९८) नव्याने निदान झालेल्या ९७ मधुमेही रुग्णांपैकी ६७ जणांची शर्करा १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. शिवाय त्या रुग्णांना दिले ते मोजून घेतलेले औषध होते. पेल्यातील पाण्यात किती द्रव्य उतरते हे पेल्याच्या वयावर अवलंबून असते. महिनाभर वापरलेला पेला हा केवळ पेलाच उरतो.

गुग्गुळाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मेद म्हटले की आपला हात आधी गुग्गुळाच्या बरणीकडे जातो. सुश्रुतांच्या वर्णनाचा धागा धरून बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सशांवर त्याचा अभ्यास केला. त्यातूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे काम उभे राहिले आणि १९८७ मध्ये 'गुग्गुलिपिड' बाजारात आले. येथवरचे आपण अभिमानाने सांगतो. २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत मात्र आठ आठवड्यांत एलडीएल कमी होण्याऐवजी चार ते पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. हे आपण क्वचितच सांगतो. ते सत्त्व होते, शोधित गुग्गुळ नव्हे, आणि ते रुग्णपरीक्षा न करता सरसकट दिले गेले, हा आपला आक्षेप रास्त आहे. तरीही त्या निष्कर्षाचे उत्तर तेवढ्याने होत नाही. सुश्रुतांनीच नवा गुग्गुळ बृंहण व जुना अपकर्षण असा भेद केला आहे. आपल्यापैकी कितीजण खरेदी करताना गुग्गुळाचे वय विचारतात? आणखी एक गोष्ट, निरोगी व्यक्तींत गुग्गुळासोबत दिल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटल्याचे आढळले आहे. या रुग्णांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे पुष्कळ असतात. शिवाय बेसुमार चिरा पाडल्याने गुग्गुळाची झुडपे मरतात आणि आज ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. म्हणून कफमेदाचा स्पष्ट आवरणजन्य रुग्ण असेल तरच, तोही तीन महिन्यांपुरता, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे.

गुडमाराच्या बाबतीत आम्ही एकदा चुकलो, ते येथे नोंदवतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या एका गृहस्थांस आम्ही गुडमार-चूर्ण, मेथी व बिबळा एकत्र सुरू केले. पथ्यही कडक ठेवले. पंधराव्या दिवशी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. पत्नीने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. चूक गुडमाराची नव्हती. शर्करा उतरविणाऱ्या चार गोष्टी एकाच वेळी सुरू करून मधल्या काळात तपासणी न करणे, ही आमची होती. तेव्हापासून एका वेळी एकच द्रव्य, दर आठवड्यास घरच्या यंत्रावर दोन नोंदी, आणि गोळी कमी करण्याचा निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच, असे आम्ही करतो. रुग्णाने आपण होऊन गोळ्या बंद केल्यास त्यास शाबासकी देऊ नये.

गुडूचीचाही उल्लेख टाळता येत नाही. मेदोरोगात तिची योजना चरकोक्त आहे. परंतु कोरोनाकाळात तिच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या रुग्णांची मुंबईतील नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तिच्याविषयी शंका उपस्थित केल्या, आणि टिनोस्पोराच्या जातींत सरमिसळ होते हेही खरे. तथापि मेटाबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णात यकृतात मेद साठलेला असणे नित्याचेच असते. त्यामुळे गुडूची सुरू करण्यापूर्वी व सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी आम्ही करून घेतो. थायरॉइड वा अन्य स्वप्रतिरक्षाजन्य विकार असल्यास ती देतच नाही. तिच्याऐवजी मुस्ता व त्रिफळा यांवर काम भागते.

कमरेचा घेर मात्र प्रत्येक भेटीत, नाभीच्या पातळीवर, रुग्णाने श्वास सोडल्यावर, त्याच फितीने मोजावा. औषधपत्रावर नावाखाली पहिली ओळ तीच असावी.