खडखड की खुटखुट?

मोटारीतले मला काय कळते, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या मालकीचे वाहन म्हणजे एक स्कूटर, आणि तिचे आवाज मला कळतात ते शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून. तरीही गेल्या मे महिन्यात जर्मनीतल्या आयफेल डोंगरात एका दोन आसनी स्पोर्ट्‌स कारचे निदान करण्याचा प्रसंग माझ्यावर आला.

माझा भाचा फ्रांकफुर्टजवळ नोकरीला आहे. ताईचा एकुलता एक मुलगा. मी निघालो तेव्हा तिने मला बजावले होते, "तो गाडी फार जोरात हाकतो म्हणे. तू शेजारी बसलास की जरा धाकात राहील." धाक कसला! पहिल्याच शनिवारी स्वारी मला घेऊन न्युर्बुर्गरिंगला हजर.

ही शर्यतीची वाट १९२५ ते १९२७ या काळात बांधली. तिचा जुना फेरा, नॉर्डश्लाइफे, २०.८ किलोमीटर लांब. त्यात ७३ वळणे, आणि चढउतार सुमारे ३०० मीटरांचा. जॅकी स्टुअर्टने तिला 'हिरवा नरक' म्हटले. १९७६ साली निकी लाउडाला येथेच जळत्या गाडीतून बाहेर काढावे लागले; त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या फेऱ्यावर झाली नाही. ठरावीक दिवशी मात्र पैसे भरून कोणीही आपली गाडी आत न्यावी. कायद्याच्या दृष्टीने तो साधा एकमार्गी टोलरस्ता. पुढे जायचे ते डावीकडूनच, आणि शर्यत लावायची नाही. भाच्याने शर्यत लावली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण शर्यत न लावता तो जे करत होता त्याला मराठीत शब्द नाही. पहिल्या फेरीत मी रामरक्षा म्हटली. दुसऱ्या फेरीत ती आठवेना.

दोन फेऱ्या झाल्यावर त्याने गाडी बाहेर आणून उभी केली. हातब्रेक लावला नाही, नुसती गिअरमध्ये ठेवली. ब्रेकच्या चकत्या इतक्या तापलेल्या असतात की हातब्रेक ओढला तर पॅड त्यांना चिकटून बसण्याची भीती. पाणी ओतून त्या थंड करायला जावे तर तडा जायचा. बॉनेटखालून टिक् टिक् असा आवाज येत होता. मी दचकलो. "काही नाही मामा, धातू निवतोय. चुलीवरून उतरवलेला तवा नाही का वाजत?" हे दृष्टान्त देणे त्याने आईकडून घेतले आहे.

घरी सहा पाहुणे जेवायला यायचे होते, म्हणून आम्ही लगेच निघालो. गावातल्या अरुंद रस्त्यावर, दगडी भिंतीच्या कडेने जाताना मला काहीतरी ऐकू आले. भिंत आवाज परत फेकते, म्हणून तो स्पष्ट आला.

"अरे, काहीतरी वाजतंय."

"ट्रॅकवरून आल्यावर थोडा नॉइज असतोच, मामा."

नॉइज! येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. आपल्या भाषेने या बाबतीत काय कमी केले आहे? खडखड, घरघर, करकर, कुरकुर, खुटखुट, किरकिर. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात आणि परीक्षेत त्यांना दोन गुण असतात, म्हणून मुले ते पाठ करून विसरतात. पण प्रत्येकामागे वेगळी वस्तू वेगळ्या रीतीने आदळत किंवा घासत असते. मी म्हटले, "नॉइज नको सांगू. खडखड की खुटखुट, ते सांग."

तो हसला, पण मग त्यालाही रस वाटू लागला. मी ध्वनी सांगायचा, त्याने कारण सांगायचे, असा खेळ सुरू झाला. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सैल असेल तर इंजिनाच्या एका ठरावीक वेगालाच झणझण होते. चाकाचे बेअरिंग गेले तर घूं असा सूर लागतो, वेगाबरोबर चढतो, आणि एका बाजूला वळताना वाढतो. मऊ झालेल्या टायरला वाटेवरचे रबराचे गोळे चिकटतात. ते थपथपतात आणि काही मैलांत झडून जातात. ब्रेकची चकती आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांत खडा अडकला तर मात्र पाटीवर नख ओढल्यासारखी किरकिर.

"किरकिरच आहे," मी म्हणालो. त्याने गाडी थांबवून थोडी मागे घेतली. खडा पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो. खरोखरच हरभऱ्याएवढा एक खडा खाली पडला आणि किरकिर थांबली. भाच्याने माझ्याशी हस्तांदोलन केले. निदान झाले, मी मोटारतज्ज्ञ ठरलो!

पण किरकिर गेल्यावर तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज उघडा पडला. खुट्. थोड्या वेळाने पुन्हा खुट्.

"अजून आहे रे."

"मामा, आता तुम्हाला भासच होताहेत." त्याच्या आवाजात थोडी धार आली होती. पुढे मोठा महामार्ग लागणार होता आणि तेथे बऱ्याच भागांत वेगाला मर्यादा नसते. मी उजवीकडे बसलेला, आवाज माझ्या पायापाशी. डावीकडे बसलेल्या त्याला तो ऐकू येत नव्हता. आणि खरे सांगायचे तर, एका खड्याने मिळालेले प्रमाणपत्र गमावायचे माझ्याही जिवावर आले होते. एकदा वाटले, जाऊ दे. मग ताईचा चेहरा आठवला.

"क्लच दाब आणि गाडी नुसती घरंगळू दे," मी म्हणालो. ही युक्ती पाच मिनिटांपूर्वी त्यानेच सांगितली होती. इंजिन मंदावले, खुट् कायम. म्हणजे इंजिन निर्दोष. गाडी हळू झाली तसतसा खुट्‌चा ठेकाही लांबला. म्हणजे आवाज चाकाचा. डावीकडे वळलो, भार उजव्या चाकावर आला, आणि आवाज वाढला. आता त्यालाही ऐकू आला. तो एक शब्द बोलला नाही. गाडी आल्या वाटेने अगदी सावकाश वाहनतळावर नेऊन त्याने पाना काढला.

पुढच्या उजव्या चाकाचे चार नट. पहिला पक्का. दुसरा पान्याला हात लावताच अर्धा फेरा फिरला. तिसरा तर जवळजवळ बोटांनीच. चौथा पक्का.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. गेल्या महिन्यात हिवाळी टायरांची चाके उतरवून उन्हाळी चाके त्याने स्वतः चढवली होती. नवे चाक बसवल्यावर सुमारे ५० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळायचे असतात, ते राहून गेले होते. चाक काढले तेव्हा ते ज्या पृष्ठावर टेकते तेथे गंजाची एक खपली निघाली. तिच्यामुळे चाक नीट बसलेच नव्हते. वर दोन फेऱ्यांचे तापणे, निवणे आणि हिसके.

शेजारच्या गाडीतल्या एका वृद्ध जर्मन गृहस्थांनी काही न विचारता आपला टॉर्क रेंच आणून दिला. ठरवलेल्या जोरापर्यंत आवळले की हा पाना 'कट्' असे वाजतो. त्यांनी आधी बॅटरी घेऊन चाकाची भोके लांबट झाली नाहीत ना, आटे शाबूत आहेत ना, हे पाहिले. तापलेले नट आवळू नयेत म्हणून तासभर आम्हाला बसवून ठेवले. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने. कट्. कट्. कट्. कट्. चारही चाकांना मिळून सोळा वेळा. मी मोजत होतो.

निघताना त्यांनी तो पाना आम्हाला देऊनच टाकला. कोब्लेन्ट्‌सच्या पुढे, ५० किलोमीटर झाल्यावर, आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो. अंधार पडला होता. मी मोबाइलचा दिवा धरला, त्याने पुन्हा सोळाही नट तपासले. एकही हलला नाही. पाहुणे केव्हाच जेवून गेले असावेत.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "काय रे, कुठं फिरवलं त्यानं तुला?"

भाचा माझ्याकडे पाहत होता.

"डोंगरात," मी म्हणालो. "फार हिरवं आहे गं इकडे."