परदेशी शिक्षणाची वाट : शेत आहे, पण तारण नाही

परदेशात शिकायला जाणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये ब्रिटनला गेले, एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून बॅरिस्टर झाले आणि परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. आज अमरावती-अकोल्यातून जाणाऱ्यांची कारणे वेगळी आहेत आणि देशाची निवड गुणांइतकीच घरच्या पुंजीवर ठरते.

पहिले कारण वैद्यकीय प्रवेशाचे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले. अमरावतीला त्यासाठी २०२४ उजाडले. ‘नीट’मध्ये पात्र ठरूनही शासकीय जागा न मिळालेले आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क न पेलणारे विद्यार्थी रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तानकडे वळतात. तेथे शुल्क कमी असते. पण परतल्यावर पात्रता परीक्षा द्यावीच लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा आणि १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत व्हावी. प्रवेशापूर्वी हे तपासले नाही, तर पदवी हाती येऊनही येथे व्यवसाय करता येत नाही.

अभियांत्रिकी पदवीधरांची ओढ अमेरिकेकडे असते. २०२३-२४ मध्ये तेथे भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते. २०२४ च्या दराने ती रक्कम ११ हजार ९०४ युरो होती.

खरी अडचण येथेच सुरू होते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागते. वऱ्हाडातील अनेक कुटुंबांची मालमत्ता म्हणजे कपाशी-सोयाबीनचे शेत. परंतु थकीत कर्जाचे तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ चा ‘सरफेसी’ कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे बँका शेत तारण घेण्यास सहसा राजी नसतात. शहरातील घर किंवा अकृषक भूखंड मागतात. मग दहा एकरांच्या मालकालाही शेत विकण्याचा किंवा महाग व्याजाच्या विनातारण कर्जाचा विचार करावा लागतो.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तीत शुल्कासह निर्वाह व विमानप्रवासाचा खर्च मिळतो. पण जागा राज्यभरात मोजक्याच.

म्हणून विद्यापीठाची यादी करण्याआधी पालकांनी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारावा : आमच्याकडे जे आहे, त्यावर किती कर्ज मिळेल? शेत विकण्याचा निर्णय त्या उत्तरानंतरचा आहे, एजंटाच्या सल्ल्यानंतरचा नव्हे.