राखेच्या पाण्यातील वाराबी

हरभरे शिजवताना आई त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकते, हे तुम्ही पाहिले असेल. का, असे विचारले तर "लवकर शिजतात" एवढेच उत्तर मिळेल. जपानमध्ये वसंत ऋतूत हाच सोडा एका रानभाजीवर घालतात. पण तेथे प्रश्न नुसत्या शिजण्याचा नसतो.

ही भाजी म्हणजे 'वाराबी', टेरिडियम अक्विलिनम या नेच्याचे कोवळे कोंब. मिटलेल्या मुठीसारखे दिसणारे हे कोंब पाने उलगडण्यापूर्वीच खुडतात. ते भांड्यात पसरून वर लाकडाची राख किंवा सोडा भुरभुरतात, उकळते पाणी ओततात आणि झाकण घालून रात्रभर ठेवतात. सकाळी ते काळपट पाणी फेकून देतात, कोंब धुऊन पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवतात. मगच ते सोया सॉसबरोबर किंवा भातात घालून खायचे. या क्रियेला 'आकुनुकी', म्हणजे 'आकु' काढणे, असे म्हणतात. आकु म्हणजे भाजीतील कडू-तुरट अंश. गंमत अशी, की हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो 'राख' आणि 'रस'!

कडूपणा जावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या या क्रियेने आणखी काय जात होते, ते फार उशिरा कळले. १९६५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले, की हा नेचा खाऊ घातलेल्या उंदरांना कर्करोग होतो. त्यातील 'टॅक्विलोसाइड' हे द्रव्य १९८३ मध्ये जपानी आणि डच शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे वेगळे केले.

आता नीट लक्ष द्या. टॅक्विलोसाइडच्या रेणूला ग्लुकोज जोडलेले असते. अल्कलीमध्ये ते सुटते आणि अतिशय क्रियाशील असा रेणू तयार होतो. हाच रेणू पेशीतील डीएनएला चिकटून त्याची हानी करतो. मग सोडा घालून आपण विषच तयार करतो की काय? करतो खरे, पण पातेल्यात! तेथे डीएनए बिचाऱ्या नेच्याचा. क्रियाशील रेणूची गाठ पाण्याशी पडते, तो निरुपद्रवी होऊन बसतो आणि पोटात जाण्यापूर्वीच खर्ची पडतो. उष्णतेने ही क्रिया जलद होते. झाकलेले मोठे भांडे सावकाश निवते, म्हणून गरम पाणी बराच वेळ काम करीत राहते. उलट सतत उकळत ठेवले तर अल्कलीने कोंबांचा लगदा होईल.

तरीही धोका पूर्ण टळत नाही. जपानी संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राख वा सोड्याने प्रक्रिया केलेल्या कोंबांचा परिणाम पुष्कळ कमी झाला, शून्य झाला नाही. तेव्हा सहलीत दिसलेला कोणताही नेचा खुडून घरी आणू नका. हिमाचलात 'लिंगड' म्हणून खातात तो नेचा निराळा आहे, आणि तो ओळखणारी माणसेही तेथलीच.

सोड्याची करामत पाहायची असेल तर मेथी पुरे. दोन परीक्षानळ्यांत थोडी पाने व पाणी घ्या. एकीत चिमूटभर सोडा, दुसरीत लिंबाचा रस घालून पाच मिनिटे उकळा. पानांचा रंग पाहा आणि चिमट्याने दाबून कोणती अधिक मऊ झाली तेही नोंदवा.