एरोसोल स्प्रे : कॅनमध्ये काय, धोका कुठे?

- गॅस : डिओ, डासांचा स्प्रे, हेअर स्प्रे, स्प्रे पेंट यांत दाबासाठी बहुधा प्रोपेन-ब्युटेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही हेच घटक.
- उष्णता : कॅनवर छापलेली मर्यादा साधारण 50 अंश सेल्सिअस. रायपुरात मे महिन्यात पारा 45च्या आसपास. उन्हात उभ्या, काचा बंद गाडीत 60च्याही वर. दाब वाढून कॅन फुटू शकतो.
- आग : पेटती शेगडी किंवा देवघरातली समई जवळ असल्यास फवारा पेट घेतो. ‘रिकाम्या’ कॅनमध्येही गॅस उरतो. भोक पाडू नये, जाळू नये.
- शरीर : बारीक थेंब श्वासावाटे आत जातात, दमेकऱ्यांना त्रास. त्वचेच्या अगदी जवळून फवारल्यास अतिथंडीने इजा. नशेसाठी हुंगल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवतो.
- ओझोन : पूर्वी स्प्रेत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंचा ओझोन थराला असलेला धोका शास्त्रज्ञ मोलिना व रोलंड यांनी 1974 मध्ये मांडला. असे वायू रोखणारा माँट्रियल करार 1987. भारत 1992 मध्ये सहभागी. 2010 पासून देशात सीएफसी बंद. काही काळ सवलत फक्त दम्याच्या इन्हेलरना.
- फरक : ‘सीएफसीमुक्त’ म्हणजे ओझोनला अपाय नाही, ज्वलनशीलता मात्र कायम. हाताने दाबायच्या पंप स्प्रेत दाबाखालचा गॅस नसतो.
- कचरा : घनकचरा नियम, 2016 मध्ये कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात गणले होते, ओल्या-सुक्यात नाही.
- विमानप्रवास : स्प्रे पेंटला मनाई. नियम रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळासह सर्वत्र सारखा.