पुतळ्यामागचे हात

आमच्या चळवळीत पुतळ्याच्या विटंबनेवर जितके लिहिले गेले, तितके पुतळ्याच्या घडणीवर लिहिले गेले नाही. हे स्वाभाविकच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. ज्या समाजाला पुतळ्यासाठी रक्त द्यावे लागते तो नाकाडोळ्यांची चर्चा करीत कसा बसणार? तरीही ती चर्चा झाली पाहिजे असे मला अलीकडे वाटू लागले आहे, आणि त्याला कारण तेल्हाऱ्याजवळची एक पत्र्याची शेड.

आमच्याच वस्तीतले एक मूर्तिकार तिथे काम करतात. माझे वडील आणि ते एके काळी एकाच जिनिंगमध्ये हमालीला होते, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात आणि त्यात थोडी थट्टा असते. वस्तीने पुतळा बसवायचे ठरविले तेव्हा शिकलेला म्हणून वर्गणीची वही माझ्याकडे आली आणि शेडमधल्या खेपा वाढल्या.

पहिला धडा मातीचा. वऱ्हाडाच्या काळ्या मातीचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. पण मूर्तिकाराला ती निरुपयोगी. पाणी मिळाले की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात घडविलेला चेहरा दोन दिवसांत फाटेल. म्हणून चिकण माती बाहेरून आणावी लागते. दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या तालुक्यातही शिरला आहे. खाऱ्या पाण्यात कालवलेले प्लास्टर वेळेआधीच घट्ट होते, आणि सिमेंटच्या पुतळ्यात ते मुरले तर आतली सळई गंजते, वर पांढरी बुरशी यावी तसे क्षार फुटतात. गावोगावचे सिमेंटचे पुतळे आठ-दहा वर्षांत तडकतात, तेव्हा आपण कारागिराला शिव्या देतो. विहिरीला कोणी देत नाही. काका प्लास्टरसाठी वान धरणाच्या नळाचे गोडे पाणी वेगळे भरून ठेवतात, आणि त्यावरून घरात भांडण होते.

लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्याला तारेने लाकडाचे तुकडे बांधायचे म्हणजे ओल्या मातीचे वजन खाली घसरत नाही, मग माती चढवायची. सूट, टाय, पुस्तक ही कामे हाताच्या सवयीने होतात. खरी कसोटी डोक्याची. पुतळा चौथऱ्यावर जाणार, लोक खालून पाहणार, म्हणून डोके किंचित मोठे धरावे लागते. बुबुळे खोल कोरावी लागतात, तरच त्यांत सावली पडून नजर येते.

काका एकदा म्हणाले, "सर, फोटोत बाबासाहेब समोरून हायेत. मांगून कसे दिसत हे मले कोन सांगन?"

मला माझे आजोबा आठवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपूरला होते. त्यांनी पाहिले ते पांढऱ्या वस्त्रांतले बाबासाहेब, आणि तेही गर्दीत फार लांबून. निळा सूट त्यांनी पुढे पुतळ्यावरच पाहिला. आज आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती प्रतिमा बव्हंशी शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी दिलेली आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. संसदेच्या आवारातला ब्रह्मेश वाघ यांचा ब्राँझचा पुतळा २ एप्रिल १९६७ चा. एका हाती पुस्तक, दुसरा हात पुढे उगारलेला, ही ठेवण त्यानंतर खेडोपाडी पोचली. आपल्या किती पदवीधरांना वाघांचे नाव ठाऊक आहे? मला स्वतःला ते नोकरी लागल्यावर कळले.

मातीचे काम संपले की साचा. पत्र्याच्या पट्ट्या रोवून भाग पाडतात आणि वर प्लास्टर चढवितात. प्लास्टरच्या पहिल्या पातळ थरात काका नीळ घालतात. पुढे साच्यात पुतळा ओतल्यावर साचा छिन्नीने फोडायचा असतो. निळे दिसले की हात हलका करायचा, कारण त्याच्या लगेच खाली चेहरा आहे. धोब्याची साधी नीळ, पण मी बराच वेळ पाहत राहिलो.

ब्राँझचे काम तेल्हाऱ्यात होत नाही. त्यासाठी मेणाचा पोकळ पुतळा करून आतबाहेर विटांची भुकटी आणि प्लास्टर भरतात, भट्टीत मेण वितळवून काढतात आणि त्या जागी तांबे ८५, जस्त, कथील व शिसे प्रत्येकी ५ टक्के अशा धातूचा रस ओततात. खर्च फायबरच्या कितीतरी पट. समितीत यावरून दोन तट पडले. तरुणांना १४ एप्रिल गाठायची होती, त्यांना फायबर चालणार होते. निंदणाच्या मजुरीतून वर्गणी देणाऱ्या बाया मात्र म्हणाल्या, उशीर झाला तरी चालेल, पण एकदाच होऊ द्या. मी त्यांच्या बाजूने मत दिले.

परवानगीची गोष्ट वेगळी. २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम मला मान्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, हे आपण पाहिले. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात माती कागदासाठी थांबत नाही. ती रोज ओली ठेवावी लागते, आणि पाणी कुठून आणायचे ते वर सांगितलेच आहे.

इथे कलादालन नाही, प्रदर्शन नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा आणि शाळेतले चित्रकलेचे सर, एवढेच आमचे कलाजगत. काकांचे वर्ष पोळ्याच्या मातीच्या बैलांवर, मग गणपती-दुर्गांवर चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने गणपती घडवावेत काय, असा आक्षेप वस्तीत आला होता. तो घेणाऱ्यांत मीही होतो. काकांनी विचारले, "गनपती नाई केले तं बाबासाहेबासाठी सळई कायच्यानं आनू?" आक्षेप तत्त्वतः चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाने तो घेताना निदान एक सळई विकत आणून द्यायला हवी होती.

प्रस्ताव अजून कार्यालयात आहे. मातीचे बाबासाहेब ओल्या गोणपाटात गुंडाळलेले आहेत आणि काका रात्रीतून दोनदा उठून पाणी शिंपडतात. वहीत त्यांच्या मजुरीचा रकाना कोरा आहे. त्यांची वर्गणी मात्र पहिल्या पानावर जमा आहे.